सर, पाणी पिऊन येऊ का?



आज वर्गाबाहेर, मैदानावर जाऊ या. ‘मुलांना विचार करायला शिकवा’ असं कोणी म्हटलं की सगळ्यांचे डोळे आधी विज्ञानाच्या शिक्षकाकडे वळतात, मग गणिताच्या. पी.टी.च्या सरांकडे कोणी बघत नाही. आमच्या गळ्यात शिट्टी असते आणि शिट्टीचं काम हुकूम देण्याचं, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. आम्हीही तसंच धरून चालतो. परीक्षा जवळ आली की आमचा तास गणिताला जातो आणि आम्ही तो मुकाट्याने देऊन टाकतो.

मी हा विषय २६ वर्षं शिकवतो आहे, आधी विदर्भात आणि आता इंदूरला. माझं म्हणणं जरा उलटं आहे. ऐकलेल्या गोष्टीची पारख कशी करायची हे शिकवण्यासाठी शाळेत सगळ्यात चांगली जागा कुठली असेल, तर ती आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा तास. बारला लटकलं की उंची वाढते. सकाळी लिंबूपाणी घेतलं की चरबी वितळते. अमुक पावडर दुधात घातली की ताकद येते. मुलं हे घरी ऐकतात, मोबाईलवर बघतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःवर करूनही पाहतात. इतिहासातली चूक पेपरात दोन मार्क घालवते. इथली चूक अंगावर येते. शिवाय ज्याच्यावर तपासायचं ते शरीर प्रत्येक मुलाने सोबत आणलेलं असतं. त्यासाठी प्रयोगशाळेची किल्ली मागावी लागत नाही.

सगळेच दावे घेत बसलो तर रात्र होईल. म्हणून आज एकच गोष्ट घेतो. पाणी.

विदर्भातल्या शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. एप्रिल महिना, परीक्षा संपलेली, तालुक्याच्या स्पर्धेसाठी मुलांचा सराव चाललेला. सकाळी साडेसातला सुरू केला तरी नऊ वाजता मैदान तापायचं. माझा नियम होता, सराव संपेपर्यंत पाणी नाही. पळताना पाणी प्यायलं की पोटात कळ येते, अंग जड होतं, दम तुटतो. नववीतला एक मुलगा, चांगला धावणारा, दोनदा माझ्याकडे आला. “सर, पाणी पिऊन येऊ का?” मी दोन्ही वेळा म्हणालो, अजून दोन चकरा. तिसऱ्या वेळी तो आला नाही. वळणावर त्याचे पाय वाकडे पडायला लागले, तो काहीतरी भलतंच बोलायला लागला आणि खाली बसला.

आम्ही त्याला उचलून सावलीत नेलं, अंगावर पाणी ओतलं, मोटरसायलवर मध्ये धरून दवाखान्यात नेलं. मुलगा वाचला. संध्याकाळपर्यंत बोलायलाही लागला. मला मात्र आजपर्यंत टोचते ती त्याच्या वडिलांची गोष्ट. मी हात जोडून उभा होतो, वाटलं हा माणूस आता मला मारणार. तो म्हणाला, “सर, तुम्ही काय करणार? आमच्या वेळी बी असंच होतं. पळताना पानी पेत नसतात, हे त्याला बी माहीत हाये.”

म्हणजे बघा. शिक्षकाला तेच माहीत, बापाला तेच माहीत, पोरालाही तेच माहीत. कोणी कोणाला दोष देईना, कारण तिघांचाही त्याच वाक्यावर विश्वास होता. त्या वाक्याला ‘कशावरून?’ असं विचारणारं त्या मैदानावर कोणीच नव्हतं.

मी नंतर स्वतःला विचारलं, हे मला कोणी शिकवलं? माझ्या सरांनी. त्यांना? त्यांच्या सरांनी. आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकांत असं कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. आणि ही काही फक्त आपल्या खेड्यापाड्यांतली समजूत नव्हे. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईस इथे ऑलिंपिक झालं. त्यातली मॅरेथॉन ऑगस्टच्या उन्हात, धुळीच्या रस्त्यावर, भर दुपारी ठेवली होती. वाटेत पाण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. आयोजकांपैकी एकाला शरीर सुकल्यावर माणूस किती तग धरतो हे पाहायचं होतं, असं सांगतात. ३२ जण पळाले, १४ जणांनी शर्यत पुरी केली. जिंकलेल्या थॉमस हिक्सला त्याच्या मदतनिसांनी पाणी नाकारलं आणि अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्नीन म्हणजे कुचल्याचं विष दिलं, उत्तेजक म्हणून. त्याला धरूनधरून शेवटच्या रेषेपलीकडे आणावं लागलं. त्या काळच्या प्रशिक्षकांना विचारलं असतं तर तेही म्हणाले असते, आमच्या सरांनी सांगितलं.

शरीराचं गणित फार अवघड नाही. स्नायू काम करतात तेव्हा लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतेक भाग, साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त, उष्णता होऊन बाहेर पडतो. ही उष्णता घालवायचं आपलं मुख्य साधन म्हणजे घाम. एक लीटर घाम कातडीवर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ‘वाळला तर’ हे महत्त्वाचं. इंदूर-नागपूरच्या कोरड्या हवेत तो चटकन वाळतो, म्हणून मुलाला वाटतं आपल्याला घामच येत नाही आणि पाणी मात्र निघून जातं. मुंबई, पणजी, चेन्नईच्या दमट हवेत घाम नुसता गळतो, वाळत नाही, आणि अंग थंडही होत नाही. दोन्हीकडे धोका आहे, पण त्याचं दिसणं वेगळं. हा धडा पुस्तकात एकाच चित्राने उरकतात याचं मला नवल वाटतं.

त्या दिवसानंतर मी काय केलं असेल? जे कोणीही करेल ते. नियम उलटा केला. आता माझा हुकूम सुरू झाला, दर दहा मिनिटांनी प्रत्येकाने पाणी प्यायलाच पाहिजे. तहान असो नसो, बाटली संपली पाहिजे. मला वाटलं, झालं, सुधारलो.

इथे मी दुसऱ्यांदा चुकलो होतो, पण ते कळायला आणखी काही वर्षं लागली.

जगातही नेमकं हेच झालं होतं. १९६५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटबॉलच्या खेळाडूंसाठी मीठ-साखरेचं पेय तयार केलं. त्यातून खेळाडूंच्या पेयांचा मोठा धंदा उभा राहिला. हळूहळू सल्ला बदलत गेला आणि १९९६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने म्हटलं, की घामातून गेलेलं सगळं पाणी भरून काढा, नाही तर पोटाला सोसेल तेवढं जास्तीत जास्त प्या. तहान लागायची वाट पाहू नका, हे वाक्य जाहिरातींतून सगळीकडे पोचलं. मग २००२ ची बोस्टन मॅरेथॉन आली. शर्यत संपल्यावर संशोधकांनी ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं. त्यांतल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम गरजेपेक्षा कमी निघालं. शर्यतीत वजन कमी व्हायच्या ऐवजी ज्यांचं वाढलं होतं, म्हणजे जे घामापेक्षा जास्त प्यायले होते, त्यांच्यात हे प्रमाण ठळक होतं. त्याच शर्यतीत २८ वर्षांची एक धावपटू याच कारणाने दगावली. रक्तातलं मीठ फार पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं आणि मेंदूला सूज येते. २००७ साली त्याच संस्थेने सल्ला बदलला. प्रत्येकाचा घाम वेगळा, म्हणून आपापल्या घामाचा अंदाज घ्या आणि त्याहून जास्त पिऊ नका, असं त्यांनी म्हटलं.

घाबरून जाऊ नका. शाळेच्या ४० मिनिटांच्या तासात कोणी पाणी पिऊन मरत नाही. आपल्याकडे खरा धोका उन्हाचा आणि पाणी न मिळण्याचाच आहे. मला सांगायचं आहे ते निराळं. ‘पाणी पिऊ नका’ या हुकमाच्या जागी मी ‘पाणी प्याच’ हा हुकूम ठेवला. दुसरा हुकूम पहिल्यापेक्षा बरा होता. पण मुलांना त्यातून काय कळलं? एवढंच, की सरांचं मत बदललं. उद्या एखादा तिसरा सर येऊन तिसरं काही सांगेल, तेही ती मानतील. आरोग्य शिक्षणाच्या नावाखाली आपण बहुतेक वेळा हेच करतो. जुनी समजूत काढून नवी घालतो. विचार कसा करायचा ते जागच्या जागी राहतं.

मग मैदानावर हे शिकवायचं कसं?

याचं मला पटलेलं एक उत्तर युगांडातून आलं. तिथल्या मकेरेरे विद्यापीठातल्या आणि नॉर्वेच्या संशोधकांनी मिळून १० ते १२ वर्षांच्या मुलांसाठी एक चित्रकथेचं पुस्तक तयार केलं. विषय असा, उपचाराबद्दल कोणी काही सांगितलं तर ते कसं पारखायचं. त्यातलं पहिलंच उदाहरण भाजल्यावर शेण लावण्याचं आहे, म्हणजे आपल्याला अगदी ओळखीचं. पुस्तकाने मुलांना रोगांची माहिती पाठ करायला लावली नाही. दावा म्हणजे काय, ‘माझ्या काकांना गुण आला’ एवढ्यावर का विसंबू नये, तुलना केल्याशिवाय काही का कळत नाही, तुलना करताना दोन गट सारखे का हवेत, एवढंच शिकवलं. ८० मिनिटांचे नऊ धडे. १२० शाळा घेतल्या, त्यांतल्या ६० शाळांना पुस्तक दिलं, ६० ना नाही, आणि कोणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. २०१७ साली ‘द लॅन्सेट’ मध्ये निकाल छापून आला. पुस्तक शिकलेल्या शाळांत ६९ टक्के मुलं चाचणीत पास झाली, बाकीच्या शाळांत २७ टक्के. मोठमोठे वर्ग, साधी शाळा, साधे शिक्षक. ‘आपल्या मुलांना हे झेपणार नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा दाखवतो.

मी ते पुस्तक जसंच्या तसं घेतलं नाही. आमच्याकडे सलग ८० मिनिटं कोण देणार? पण त्यातली कल्पना मैदानावर आणली. सुरुवात वजनकाट्यापासून केली.

सहावीच्या मुलांना म्हटलं, कबड्डीच्या तासाआधी वजन करायचं, तासानंतर करायचं. मध्ये जो पाणी पिईल त्याने किती प्यायलं ते मापाने लिहायचं. कोणी लघवीला गेलं तर तेही लिहायचं. या वाक्यावर पाच मिनिटं हसण्यात गेली, ती जाऊ द्यावीत. तासानंतर बहुतेकांचं वजन दोनशे ते पाचशे ग्रॅमनी उतरलेलं निघालं. एकजण ओरडला, “सर, मी बारीक झालो!” दुसरा म्हणाला, “वेड्या, पाणी पी, परत येशील.” वजनकाट्यावर जे गेलं ते चरबी नव्हे, पाणी, हे त्या दोन वाक्यांत झालं. वजन उतरवण्याच्या अर्ध्या जाहिराती यावरच चालतात.

इथे मध्येच एक सूचना, शिक्षकांसाठी. मैदानावर कोणाचंही वजन मोठ्याने पुकारू नका. माझ्या तासाला मूल स्वतःचा आकडा स्वतः वाचतं आणि वहीत फक्त फरक लिहितं. वजन पुकारल्यामुळे जेवण सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. आणि जाड-बारीक ठरवणारा तो बीएमआयचा तक्ता मोठ्या माणसांचा असतो. मुलांना तो वय आणि लिंग पाहून वेगळा लावावा लागतो. शाळेच्या आरोग्यकार्डावर सर्रास मोठ्यांचा लावलेला दिसतो. हा खरं तर वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

पुढच्या आठवड्यात मी माझा जुना नियमच फळ्यावर लिहिला. ‘पळण्याआधी पाणी प्यायलं की पोटात कळ येते.’ आणि विचारलं, हे खरं की खोटं ते कसं ठरवाल?

पहिलं उत्तर आलं, “मला येते सर, म्हणून खरं.” दुसरं, “मला येत नाही, म्हणून खोटं.” दोघांचं भांडण लागलं. मग एक मुलगी म्हणाली, काहींनी प्यायचं, काहींनी नाही, आणि बघायचं. चला, तुलना आली. मी म्हटलं, पाणी कोण पिणार? लगेच सगळे चांगले पळणारे एका बाजूला, कारण त्यांची दोस्ती आहे. आता कळ कमी आली तर ती पाण्यामुळे की मुळात त्यांचा दम चांगला म्हणून? हे त्यांच्याच लक्षात आलं, मला सांगावं लागलं नाही. मग नाणेफेक. मग कोणीतरी म्हणालं, आज अर्ध्यांनी पिऊ, उद्या उरलेल्यांनी, म्हणजे प्रत्येकाची स्वतःशीच तुलना होईल. फारच छान. पण दुसऱ्या दिवशी आभाळ आलं आणि ऊन नव्हतं. “सर, हे चालणार नाही, कालचं आणि आजचं सारखं नाही.” हे वाक्य सहावीतल्या मुलाच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला जिल्हास्तराच्या पदकापेक्षा जास्त आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

याच वर्गात आणखी एक गोष्ट घडली. एकाने सुचवलं, एका गटाला पूर्ण तासभर पाणीच द्यायचं नाही, मग फरक नीट दिसेल. तर मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, “पण कोणाला चक्कर आली तर? माहीत असून कसं करायचं?” मी त्यांना विदर्भातल्या त्या मुलाची गोष्ट सांगितली, माझ्या चुकीसकट. तपासायचं म्हणून काहीही करता येत नाही, माणसाचं नुकसान होईल असा प्रयोग करायचा नसतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर असतं. इथे ते एका मुलीने आपणहून पहिल्या पानावर आणलं. म्हणून आम्ही धोका नसलेला छोटा प्रयोग केला. एका गटाने पळण्याच्या पाच मिनिटं आधी दोन घोट, दुसऱ्याने भरलेला पेला, मग ४०० मीटर. तहान लागली की पाणी दोघांनाही मोकळं.

निकाल काय लागला? पेलाभर प्यायलेल्यांत तक्रारी थोड्या जास्त होत्या. पण मुलं होती जेमतेम चाळीस, आणि आपण काय प्यायलो हे प्रत्येकाला माहीत होतं, म्हणजे मनाचाही खेळ असू शकतो. हेही त्यांनीच वहीत लिहिलं. मोठ्या अभ्यासांतही असंच दिसतं, की पळण्याच्या ऐन आधी भरपूर पिणं, विशेषतः गोड पेय, हे बरगडीखाली चमक भरायला निमित्त ठरतं. म्हणजे माझ्या सरांच्या नियमात थोडं तथ्य होतं! पण ‘ऐन आधी घटाघट पिऊ नका’ या कामाच्या सल्ल्याचं ‘सराव संपेपर्यंत थेंबही नाही’ असं कधीतरी झालं, आणि ते झालं तेव्हा कोणी विचारलं नाही. समजुती बहुतेक अशाच बनतात. त्यात दाणाभर खरं असतं, म्हणून तर त्या टिकतात.

आता बाजारातल्या पाण्याकडे येतो. उन्हाळी शिबिरात एक पालक खोकंभर पेयाचे पुडे घेऊन आले. पुड्यावर मोठ्या अक्षरांत ओआरएस असं लिहिलेलं. मुलांसाठी चांगलं म्हणून आणलं होतं, त्यांचा हेतू साफ होता. मी म्हटलं, आज हाच धडा.

दवाखान्यातून मिळते ती खरी जलसंजीवनीची पुडी आणि हा पुडा, दोन्ही शेजारी ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लीटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि साधं मीठ २.६ ग्रॅम असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. मग पुड्यावरचं बारीक अक्षर वाचायचं. समजा १०० मिलीलीटरमध्ये ११ ग्रॅम साखर लिहिली आहे, तर लीटरला किती? ११० ग्रॅम. म्हणजे आठपट. सातवीच्या मुलांना हे गणित तोंडी येतं, फक्त ते कोणी करायला लावत नाही. जुलाब झालेल्या मुलाला इतकं गोड दिलं तर आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ, डॉ. शिवरंजनी संतोष, यांनी या नावाविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. सूत्र कोणालाही वाचता येण्यासारखं होतं, लेबलही. तरी इतकी वर्षं गेली.

जलसंजीवनीची गोष्ट मी मुलांना नेहमी सांगतो, कारण ती आपल्या मातीतली आहे. १९७१, बांगलादेशच्या युद्धाचे दिवस, पश्चिम बंगालमध्ये बनगावला निर्वासितांची छावणी, आणि कॉलऱ्याची साथ. सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांची मिश्रणं पुड्यांत भरून मागवली, पिंपात पाणी घालून कालवली आणि आजाऱ्यांच्या नातेवाईकांकडूनच पाजायला लावली. मृत्यूचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. एका हुशार मुलीने इथेही विचारलं, “सर, पण दोन गट सारखे होते का? चिठ्ठ्या टाकल्या होत्या का?” नव्हत्या. तेव्हाही काहींनी हीच शंका काढली होती. पण त्याआधी १९६८ मध्ये ढाक्यात कॉलऱ्याच्या रोग्यांवर मोजूनमापून केलेले प्रयोग झालेले होते, आणि बनगावचा फरक इतका मोठा होता की तो योगायोग म्हणून झटकून टाकता येत नव्हता. तिने प्रश्न विचारला म्हणून महालनबीसांचा मान कमी झाला नाही. मला तर वाटतं त्यांनाही प्रश्न आवडला असता.

आता घरातल्या गोष्टी. ‘उभ्याने पाणी प्यायलं की गुडघे जातात.’ आठवीच्या एका मुलीने हे आणलं. आजी सांगते म्हणाली. वर्गातून आवाज आला, “घोडा उभ्यानेच पितो!” सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, विनोद छान आहे, पण पुरावा म्हणून कच्चा. घोडा आणि माणूस सारखे नव्हेत. दुसरा म्हणाला, “माझी आजी जन्मभर बसून प्यायली, तरी तिचे गुडघे दुखतात.” हेही एकाच माणसाचं झालं. मग आम्ही पाण्याचा रस्ता फळ्यावर काढला. तोंड, अन्ननलिका, जठर, आतडं, रक्त. गुडघ्यापर्यंत पोचेस्तोवर ते पाणी उभ्याने आलं की बसून, हे कळायला काही मार्गच राहत नाही. म्हणजे दाव्याला आधार दिसत नाही.

पण मी मुलांना सांगितलं, यावरून घरी भांडण करू नका. बसून प्यायल्याने तोटा काहीच नाही, पळून आल्यावर तर बसून दोन क्षण दम घेऊन पिणं बरंच, ठसका लागत नाही. आजीला विचारा, तुला हे कोणी सांगितलं गं? ती तिच्या आईची गोष्ट सांगेल, ती ऐका. प्रत्येक समजुतीशी कुस्ती खेळायची गरज नाही. ज्या समजुतीने नुकसान होतं, जी कोणाला पैसे काढायला लावते किंवा औषध बंद करायला लावते, तिच्यासाठी ताकद राखून ठेवा. आपल्याकडे १९५४ पासून जादूटोण्याच्या आणि आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. मधुमेह, लठ्ठपणा, उंची यांवरच्या औषधांच्या जाहिराती त्याच्या यादीत येतात. मुलांना ही यादी दाखवली की ती मोबाईलवरच्या जाहिराती वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

पालकांची एक तक्रार नेहमी येते, खरं तर शिक्षकांचीही. मुलं सगळ्याच गोष्टींवर ‘कशावरून?’ विचारायला लागली तर शिस्त राहील का? मी इथे रेघ ओढतो. गोळा हातात आहे, भाला हातात आहे, शिट्टी वाजली, की थांबायचं. तिथे चर्चा नाही. का थांबवलं हे नंतर झाडाखाली बसून विचारायचं, आणि मी उत्तर द्यायचं. ‘मी सांगतो म्हणून’ हे उत्तर झाडाखाली चालत नाही. आधी मैदान आणि मग झाड, हा क्रम मुलं आठवड्याभरात शिकतात. शिक्षकाला जास्त वेळ लागतो. मला लागला.

परीक्षेचंही थोडं सांगतो, कारण जे परीक्षेत नाही ते आपल्याकडे शिकवलं जात नाही. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शारीरिक शिक्षण आणि स्वास्थ्य हा स्वतंत्र विषय धरला आहे, चांगलंच आहे. पण प्रश्न जर ‘पाण्याचे पाच फायदे लिहा’ असेच राहिले तर आराखडा कपाटात राहील. मी असा प्रश्न घालतो. ‘एका पेयाची जाहिरात म्हणते, आमचं पेय घेणाऱ्या १० पैकी ८ खेळाडूंना ताजंतवानं वाटलं. हे पटवून घेण्याआधी तुम्ही कोणती माहिती मागाल?’ पेय न घेणाऱ्यांना कसं वाटलं, नुसतं पाणी प्यायलेल्यांना कसं वाटलं, खेळाडू कोणी निवडले, पैसे कोणी दिले, यांपैकी काहीही लिहिलं तरी मार्क. एकाने लिहिलं होतं, ‘उरलेल्या दोघांचं काय झालं ते विचारीन.’ त्याला पूर्ण मार्क दिले.

आता आमच्या मैदानावर पाण्याचा माठ झाडाखालीच असतो, नळापर्यंत जावं लागत नाही. उन्हाळ्यात दर पंधरा मिनिटांनी खेळ थांबतो. कोणी किती प्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. तहान आणि लघवीचा रंग या दोन खुणा सगळ्यांना माहीत आहेत. आणि पाणी मागायला माझ्याकडे कोणी येत नाही.

परवा सातवीतला एक मुलगा माठाजवळ पेला धरून नुसताच उभा होता. मी विचारलं, पीत का नाहीस? तो म्हणाला, पळून आल्यावर लगेच माठातलं गार पाणी प्यायलं की सर्दी होते. मी माझ्या सवयीने म्हटलं, “कशावरून?”

तो म्हणाला, “तुम्हीच सांगितलं होतं सर, पाचवीत असताना.”

मला आठवेना. पण सांगितलं असेल.